इंकजेट कार्ट्रिज रिफिल आणि फोटोचे खरे रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवटीत घरातल्याच एका खोलीत मी फोटो प्रिंट करून देतो, पासपोर्ट साइजपासून ए३ पर्यंत, आणि शाई स्वतःच भरतो. आठवड्यातून चार-पाच जण तरी फोन करून तेच ते विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं टाइप करून ठेवू. ज्यांना फक्त बिलं आणि पोरांचे प्रोजेक्ट छापायचेत त्यांनी हे वाचायची गरज नाही, कुठलीही बरी शाई भरा, चालतं. ज्यांना फोटोतला रंग खऱ्यासारखा हवाय त्यांच्यासाठी हे आहे.

प्र. रिफिल केल्यावर ओरिजिनल शाईसारखा रंग येतो का?

येतो, पण आपोआप येत नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर, कंपनीने स्वतःची शाई आणि स्वतःचा कागद धरून बनवलेलं असतं, त्याचा हिशोब ठरलेला, की इतके थेंब मॅजेंटाचे टाकले की एवढा गुलाबी होणार. तुम्ही बाहेरची शाई भरलीत आणि तिचा मॅजेंटा जरा जास्त लालकडे झुकणारा असला तरी ड्रायव्हर बिचारा जुन्याच हिशोबाने थेंब टाकत राहतो आणि नवरीचा चेहरा उन्हात भाजल्यासारखा दिसतो. मग लोक म्हणतात शाई डुप्लिकेट निघाली. बऱ्याचदा शाई ठीक असते, हिशोब बदललेला नसतो. तो नवा करून घेणं म्हणजे प्रोफाइल, त्याबद्दल खाली लिहिलंय. माझं मत विचाराल तर मध्यम भावाची पण कायम एकच शाई, कायम एकच कागद आणि त्या जोडीचं प्रोफाइल, हे दर महिन्याला बाटली बदलत बसण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

प्र. माझ्याकडे साधा रंगीत प्रिंटर आहे, त्यावर फोटो होतील का?

आधी कार्ट्रिज कुठल्या जातीचं आहे ते बघा. कॅननचं ७४५-७४६, एचपीचं ६८० किंवा ८०३ असलं काही असेल तर हेड, म्हणजे शाई उडवणारा भाग, कार्ट्रिजच्या अंगालाच असतं, खाली नोझलची (शाई जिथून बाहेर पडते त्या भोकांची) बारीक प्लेट आणि बाजूला तांब्याचे ठिपके दिसतात. काही बिघडलं तर नुकसान एका कार्ट्रिजचं, म्हणून हात साफ करायला हे बेस्ट. एपसनमध्ये हेड प्रिंटरच्या आत पक्कं बसवलेलं असतं, तिथे वाईट शाईने हेड गेलं तर खर्च ऐकून माणूस नवाच प्रिंटर बघायला लागतो.

दोघांची कामाची पद्धतही वेगळी. कॅनन आणि एचपीचं हेड शाईला क्षणभर तापवून बुडबुडा करतं, त्या धक्क्याने थेंब बाहेर उडतो. एपसनमध्ये पिएझो असतो, वीज मिळाली की तो हलतो आणि शाई ढकलतो. गंमत म्हणजे बुडबुड्याची आयडिया कॅननच्या इचिरो एंदो यांना १९७७ मध्ये सिरिंजवरूनच सुचली, शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून गरम सोल्डरिंग आयर्न लागलं आणि टोकातून शाई उडाली. म्हणजे आपलं रिफिलवाल्यांचं हत्यार आधी आणि प्रिंटर नंतर!

आता फोटोचं. चार रंगांच्या प्रिंटरवर फोटो होतो, पण गालावर आणि फिकट आकाशात बारीक दाणे दिसतात, कारण फिकट गुलाबी दाखवायला त्याच्याकडे गडद मॅजेंटाचे लांब लांब टाकलेले ठिपकेच असतात. सहा रंगांत लाइट सायन (फिकट आकाशी) आणि लाइट मॅजेंटा वेगळे मिळतात, एपसनचे एल८०५, एल८०५०, एल१८०५० हे तसे. कॅननच्या जी५७० आणि जी६७० मध्ये त्याऐवजी लाल आणि ग्रे आहेत. फोटोचाच धंदा करायचा असेल तर सरळ सहा रंगांचा टँकवाला घ्या, सिरिंजची कटकटच नाही.

प्र. डाय शाई की पिगमेंट?

डाय म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला, सरबतासारखा. पिगमेंट म्हणजे रंगाचे अतिबारीक कण पाण्यात तरंगतायत. ग्लॉसी कागदावर डाय जास्त चमकदार दिसते, पण उन्हाने आणि हवेने लवकर उडते आणि बहुतेक कागदांवर पाण्याने पसरते. पिगमेंट टिकते, पण ग्लॉसीवर तिरक्या उजेडात पितळेसारखी झाक मारू शकते आणि प्रिंटर बंद पडून राहिला तर नोझल लवकर धरते. साध्या घरगुती प्रिंटरमध्ये बऱ्याचदा मिश्रण असतं, कॅननच्या जी२०००, जी३००० मध्ये काळी पिगमेंट आणि बाकी तीन डाय.

नियम एकच, प्रिंटरमध्ये मुळात जी होती तीच जात भरायची. डायच्या टँकमध्ये पिगमेंट ओतायची नाही, दोन्ही मिसळल्या तर आत गाळ धरू शकतो. बाटलीवर "युनिव्हर्सल, ऑल प्रिंटर" लिहिलं असेल तर मी ती खाली ठेवतो, तापवून उडवायची शाई आणि ढकलून उडवायची शाई एकच कशी असेल?

प्र. तीनरंगी कार्ट्रिज भरायची नीट पद्धत सांगा ना

कार्ट्रिज पूर्ण सुकायच्या आधी भरा, हे पहिलं. तापणाऱ्या हेडला शाईच थंड ठेवते, शाई संपल्यावर तसंच प्रिंट मारत राहिलात तर नोझल आतून जळतात आणि मग अमृत ओतलं तरी चालत नाही.

वरचं स्टिकर हळूच सोला, खाली भोकं दिसतील. प्रत्येक भोकात वेगळी टूथपिक घालून बघा कुठला रंग लागतो, व्हिडिओत बघून भरू नका कारण मॉडेल बदललं की रंगांची जागा बदलू शकते. प्रत्येक रंगाला वेगळी सिरिंज, वेगळी सुई. आत स्पंज आहे, सुई त्यात साधारण अर्ध्यापर्यंत घालायची आणि थेंब थेंब सोडायचं, घाई केली तर स्पंजमध्ये हवेचे कप्पे राहतात आणि दहा प्रिंटनंतर अचानक रंग गायब होतो, कार्ट्रिज मात्र हाताला जड लागतं. घरगुती छोट्या कार्ट्रिजला एका रंगाला दोनेक मिली पुरे. भोकाशी शाई चमकायला लागली की थांबा, थोडी परत ओढून घ्या.

मग टिश्यूची चार पदरी घडी करून त्यावर नोझलची बाजू टेकवा, दाबू नका, घासू तर अजिबात नका. उचलल्यावर तीन पट्टे शेजारी शेजारी स्वच्छ उमटले पाहिजेत. पिवळ्याच्या पट्ट्यात हिरवं दिसलं तर सायन शेजारच्या कप्प्यात गेलाय. स्टिकर परत लावताना घट्ट सील करू नका, आत हवा गेली नाही तर शाई खाली येणार नाही.

माझी फजिती सांगतो. हळदीच्या फोटोंची ऑर्डर होती, संध्याकाळपर्यंत हवी होती, मी घाईत सायन चांगला चार-पाच मिली दाबून भरला. पहिली प्रिंट आली तर हळद हिरवी! नवरीची मावशी समोर खुर्चीत बसलेली, ती म्हणाली अहो ही हळद आहे की मेंदी. कप्प्यातला मिसळलेला पिवळा बाहेर काढायला नुसते पिवळे चौकोन भरलेली वीसेक पानं मारावी लागली.

प्र. भरलं, पण प्रिंटर अजून इंक संपली म्हणतोय

प्रिंटर शाई मोजत नाही, किती थेंब टाकले ते मोजतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये स्टॉप बटण पाच-सहा सेकंद दाबून ठेवलं की मोजणी बंद होते. एचपीत मेसेज ओके करून पुढे जा, पण प्रिंटर इंटरनेटवरून अपडेट घेत असेल तर बाहेरची चिप असलेली कार्ट्रिजं एक दिवस नाकारू शकतो, माहीत असू द्या.

प्र. फोटोत पांढऱ्या रेघा येतात. हेड क्लीनिंग किती वेळा करू?

आधी नोझल चेक काढा आणि कुठल्या रंगाची लाइन तुटतेय ते बघा. मग एकदा क्लीनिंग, परत चेक, फार तर अजून दोनदा. तरी नाही आलं तर प्रिंटर बंद करून रात्रभर सोडा, सकाळी पुन्हा बघा. हे सांगूनही कोणी ऐकत नाही, लोक ओळीने दहा वेळा क्लीनिंग मारतात. प्रत्येक क्लीनिंगची शाई आतल्या वेस्ट पॅडमध्ये जाते, तो पॅड भरला की एपसन सरळ लाइट लुकलुकवून काम बंद करतो. सॉफ्टवेअरने आकडा रिसेट करून देणारे भरपूर आहेत, पण पॅड न बदलता नुसता आकडा शून्य केला तर शाई शेवटी टेबलावर येणार.

प्र. नोझलवर कॉलिन मारू का? सगळे मारतात

सगळे मारतात म्हणूनच मी जुन्या प्रिंटरचं हेड घालवलं. हेड कार्ट्रिजवरचं असेल तर कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये नुसती नोझलची प्लेट दहा मिनिटं टेकवून ठेवा आणि टिश्यूवर टिपा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतं. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार नोझलमध्येच बसतात.

प्र. अर्ध्या टाकीत जुनी शाई आहे, वर दुसऱ्या ब्रँडची ओतली तर?

प्रिंट येईल, रंग कुठला येईल ते ब्रह्मदेवाला माहीत. मिश्रणाचं प्रमाण रोज बदलणार, मग प्रोफाइल कशाचं बनवणार? ब्रँड बदलायचाच असेल तर जुनी जवळजवळ खालच्या रेघेपर्यंत वापरा, नवी भरा, नळीतली जुनी निघून जाईपर्यंत किरकोळ कामं करा आणि मगच फोटो सुरू करा.

प्र. हे प्रोफाइल म्हणजे नक्की काय आणि कसं बनवतात?

आयसीसी प्रोफाइल म्हणतात, इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम १९९३ मध्ये स्थापन झालं, त्यांचा फॉरमॅट. ही एक फाइल असते, तुमचा प्रिंटर अमुक शाईने अमुक कागदावर कुठल्या आकड्याला नक्की कुठला रंग देतो याची कुंडली समजा.

बनवायचं असं की रंगीत चौकोनांचा एक चार्ट येतो, शेकडो चौकोन असतात, तो कुठलीही कलर करेक्शन न लावता छापायचा. नव्या फोटोशॉपमधून तसं छापता येत नाही, त्यासाठी अडोबीची कलर प्रिंटर युटिलिटी म्हणून फुकट गोष्ट आहे. छापलेला चार्ट एक दिवस वाळू द्यायचा, ओल्या शाईचा रंग आणि वाळल्यावरचा रंग यात फरक पडतो. मग स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाच्या मशीनने एकेक चौकोन वाचायचा. कॅलिब्राइट कंपनीचं कलरचेकर स्टुडिओ हे त्यातलं त्यात छोटं मशीन, तेसुद्धा बहुतेकांच्या प्रिंटरपेक्षा महाग. म्हणून एकट्याने घेऊ नका, आम्ही चौघांनी वर्गणी काढून घेतलं आणि आलटून पालटून वापरतो.

एवढं करून लोक शेवटच्या पायरीला घाण करतात. फोटोशॉपमध्ये "फोटोशॉप मॅनेजेस कलर्स" निवडून प्रोफाइल लावलं, तर ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंदच हवं, "नो कलर अ‍ॅडजस्टमेंट". दोघांनाही चालू ठेवलं तर एकाच फोटोला दोनदा फोडणी बसते, रंग भलतेच होतात, बहुतेक वेळा फोटो लाल मारतो. कोणी मला लाल फोटो पाठवला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो आणि निम्म्या वेळा तेच निघतं.

आणि हो, प्रोफाइल त्या एका जोडीचंच. कागद बदलला, नवं प्रोफाइल. शाई बदलली, नवं. ड्रायव्हरमधला पेपर टाइप किंवा क्वालिटी बदलली तरीसुद्धा नवं.

प्र. मशीन नाही हो आपल्याकडे. नुसत्या डोळ्याने काही करता येतं का?

बऱ्यापैकी येतं. एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो घ्या, पण रंगीत मोडमध्येच छापा, म्हणजे करडा रंग सगळ्या शायांतून मिसळून बनेल. कुठलीही झाक असली की तिथे लगेच उघडी पडते. माझा टेस्ट फोटो काळाराम मंदिराच्या भिंतीचा आहे, सकाळच्या सावलीतला. काळा पाषाण आहे, त्यात गडद काळ्यापासून फिकट करड्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात. दगड जांभळट दिसला तर मॅजेंटा जास्त, शेवाळलेला दिसला तर मॅजेंटा कमी, मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसला तर पिवळा जास्त.

मग ड्रायव्हरमध्ये एका वेळी एकच स्लाइडर, तोही दोन-चार पॉइंटच हलवायचा, छोटी प्रिंट काढायची आणि मागे पेन्सिलने आकडे लिहायचे. लिहिलं नाही तर सहाव्या प्रिंटला काहीच आठवत नाही. बघायचं खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, ट्यूबखाली नाही. घरात बरोबर वाटलेला करडा अंगणात हिरवा दिसू शकतो, काही शाया प्रत्येक उजेडात वेगळं नाटक करतात.

प्र. मोबाइलवर फोटो मस्त उजळ दिसतो, प्रिंट काळपट येते

स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही. ब्राइटनेस फुल ठेवून एडिट केलं तर फोटो गडद करून बसता. मॉनिटरचा उजेड १०० कँडेलाच्या (हे उजेडाचं माप) आसपास ठेवायचा. मोजायचं साधन नसेल तर शेजारी पांढरा कागद धरा आणि स्क्रीनचा पांढरा कागदाच्या पांढऱ्याएवढाच वाटेपर्यंत कमी करा.

प्र. कोरलमध्ये सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) करून पाठवू का? प्रिंटरमध्ये तेच रंग असतात ना?

नका करू. फ्लेक्सवाल्यांची सवय आहे ही. घरगुती इंकजेटचा ड्रायव्हर आरजीबीच, म्हणजे स्क्रीनचे लाल-हिरवा-निळाच, घेतो आणि शाईत फोड तो स्वतः करतो. तुम्ही सीएमवायके करून पाठवलं की तो आधी परत आरजीबी करतो, त्यात रंग मेले ते मेले. एसआरजीबी किंवा अडोबी आरजीबीमध्येच ठेवा.

प्र. पैठणीचे फोटो छापायचेत, रंग साडीसारखाच हवा. जमेल का?

येवल्याचे दोन-तीन जण कॅटलॉगसाठी येतात, म्हणून यावर जरा सविस्तर.

अमसुली, डाळिंबी, चिंतामणी हे रंग नीट प्रोफाइल असेल तर चांगले जमतात. त्रास देतात ते राणी आणि मोरपंखी. रेशमावरचा राणी इतका भडक असतो की तुमच्या शाईच्या आवाक्यातच नसतो, कितीही ताणला तरी प्रिंटवर एक पायरी खालीच येतो. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटेला हवा तो रंग वेगळ्या शाईनेच छापता येतो, आपल्याला मात्र चार-सहा बाटल्यांतूनच सगळी दुनिया बनवायची असते. फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय, लावून बघा, कुठला रंग येणार नाही ते आधीच कळतं, मग गिऱ्हाईकालाही आधीच सांगता येतं. अशा फोटोंना परसेप्चुअल सेटिंग लावतो मी, रंग थोडा बसतो पण पदरावरच्या मोराची पिसं वेगवेगळी राहतात, नाहीतर सगळा एकच लाल गोळा होतो.

दुसरी अडचण धूप-छाँव साडीची. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून घडी हलली की रंग बदलतो. फोटोत एकच कोन येतो. एका बाईंना हिरवी-जांभळी साडी छापून दिली, त्या म्हणाल्या ही माझी नाहीच. साडी आणायला लावली, खिडकीत फोटोतल्यासारखी धरली, तेव्हा कुठे पटलं. जरीचंही तसंच, सोन्याची चमक शाईत नाही, कागदावर ती मोहरीच्या रंगाचीच होणार. प्रकाश बाजूने घेऊन फोटो काढला तर निदान उठाव येतो.

प्र. कागद कुठला घेऊ?

२३० ते २७० जीएसएमचा आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) ग्लॉसी किंवा लस्टर, म्हणजे कमी चमकीचा, एकाच कंपनीचा, एकदम जास्त पाकिटं. १८० वाला स्वस्त ग्लॉसी शाळेच्या तक्त्यांना ठीक. ड्रायव्हरमध्ये पेपर टाइप बरोबर निवडा, प्लेन पेपर ठेवून ग्लॉसीवर फोटो मारला तर शाईचं प्रमाणही चुकतं आणि काही प्रिंटर मॅट काळी वापरतात, ती बोटाने पुसली जाते. कागदाची चकचकीत बाजू वर की खाली ते ट्रेप्रमाणे बघा. हसू नका, अख्खं पाकीट उलटं छापणारे भेटलेत मला.

प्र. नाशिकच्या हवेचा काही परिणाम?

एप्रिल-मे मध्ये हवा कोरडी, शाई नोझलवर वाळते. रोज नाही तर आठवड्यातून दोनदा सगळे रंग असलेलं एक पान तरी काढा. प्रिंटर खिडकीत किंवा कूलरच्या झोतात ठेवू नका. पावसाळ्यात उलटं, कागद ओल धरतो, वाकतो, शाई वाळायला वेळ घेते. त्र्यंबक-इगतपुरीकडच्यांनी तर कागद सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यातच ठेवावा.

लाइटीचं सांगतो. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करायचा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटण दाबलं की हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं, लाइट मध्येच गेली तर उघडंच राहतं. म्हणून लाइट आली की एकदा चालू करून नीट बंद करा, जरी काम नसलं तरी.

प्र. रिफिल शाईचा फोटो किती दिवस टिकेल?

बाटलीवरच्या वर्षांवर जाऊ नका, घरी टेस्ट करा. एक प्रिंट घ्या, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका आणि पश्चिमेच्या खिडकीत चिकटवा. दोन महिन्यांनी पुठ्ठा काढा. मी तीन शाया अशा लावल्या होत्या, एकीचा सायन इतका उडाला की निळं आभाळ चहासारखं झालं, दुसरीत जेमतेम फरक. भिंतीवर लावायचा फोटो काचेच्या फ्रेममध्ये घाला, डाय शाईला हवेतला ओझोनही खातो.

प्र. हाताला लागलेली शाई कशाने जाते?

लगेच साबण आणि साखर चोळून धुतली तर थोडी जाते. बाकीची दोन-तीन दिवसांनी कातडीबरोबरच. ब्लीच लावू नका. ग्लोव्हज घाला असं मी सगळ्यांना सांगतो आणि स्वतः घालत नाही, त्यामुळे चुलतभावाच्या लग्नात अक्षता टाकताना माझा उजवा हात मनगटापर्यंत निळा होता आणि तो अल्बममध्ये अगदी अचूक रंगात आलाय.